न दिसणारा रफू

महाल, नागपूर
९ फेब्रुवारी १९७९, शुक्रवार

प्रिय सुभान,

पत्रासोबत एक पुडकं आहे, ते आत्ता सोडू नकोस. मी तुला ओळखतो, शाळेत तू पहिल्या तासालाच डबा संपवायचास. पुडकं उशाशी ठेव, खाटेवर नीट बस आणि हे शेवटपर्यंत वाच. तुझ्या खोलीत आठ जण आहेत म्हणालास, पण त्यांच्यातल्या कुणालाच मराठी येत नाही हे बरं आहे. मुन्शिपालटीच्या शाळेतले आपले सात वर्ग इतक्या दूर कामाला येतील असं गुरुजींनाही वाटलं नसेल. तुझ्या मागच्या तिन्ही पत्रांत एकच प्रश्न आहे, अब्बांनी चष्मा घेतला का. उत्तर देतो, पण माझ्या पद्धतीनं. एका ओळीत दिलं तर माझी सगळी मेहनत मातीत जाईल. एवढंच आधी सांगून ठेवतो की आज मी फार खूश आहे. सकाळी दोन प्लेट तर्री पोहे खाल्ले आणि पोहेवाल्याला विनाकारण सलाम ठोकला.

सुटीवर आलेल्या नईमभाईंसोबत तू पाठवलेली पेटी मी नोव्हेंबरातच कामठीला जाऊन आणली. जायला दोन दिवस उशीर झाला हे खरं आहे. कामठीच्या रस्त्यावर एक ट्रकवाला भेटला, तो सर्कशीचा उंट घेऊन रायपूरला निघाला होता. ट्रकमध्ये उंट बसतो कसा हे मला पाहायचं होतं. तो बसत नाही. भंडाऱ्यापर्यंत तरी उभाच होता, आणि माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच त्याला नोकरीवरून काढलंय. हां, तर पेटी. नईमभाईंनी ती खाटेखाली जपून ठेवली होती. विमानातून उतरताना तिची एक कडी तुटून पत्रा वर आला होता, पण आत एकही काच फुटली नव्हती. तू प्रत्येक चष्मा अरबी अक्षरांच्या कागदात गुंडाळला होतास आणि सगळ्यांच्या वर एक राखाडी मफलर दाबून भरला होतास. थंडी पडली होती. मी मफलर सरळ गळ्यात टाकला. टाकता टाकता तो त्या वर आलेल्या पत्र्यात अडकला आणि बोटभर फाटला. मला वाईट वाटलं, पण फार नाही. असले राखाडी मफलर नागपुरात घरटी एक असतात. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

तुझं पत्र मी नईमभाईंच्या ओट्यावर बसून तीनदा वाचलं. कुवेतात मशिदींबाहेर थंड पाण्याच्या टाक्या बसवलेल्या असतात, रमजानात रस्त्यावर ताटंच्या ताटं मांडतात, आणि घ्यायला येणारे सगळे तुझ्यासारखेच, पोटासाठी बाहेरून आलेले, असं तू लिहिलंस. पहिल्या रमजानात तू त्या रांगेत उभा राहिलास. दुसऱ्या वर्षी ताट हातात घेताना तुला वाटलं, आपण घेतच राहिलो. जकात म्हणजे पैसेवाल्यानं द्यायचा ठरलेला वाटा, ती तुझ्यावर बसत नाही, पण सदका म्हणजे मनानं दिलेलं दान आणि तो द्यायला श्रीमंत व्हावं लागत नाही, हे मला तुझ्याच पत्रावरून कळलं. मग तू चष्म्याच्या दुकानाच्या मालकाला म्हणालास की शुक्रवारची सुटी मला नको, नमाज पढून मी येतो, काचा घासतो, मजुरी म्हणून चष्मे द्या. वर्षभर तू सुटी घेतली नाहीस. सुभान, तू कधी काळी रविवार सोडून इतर दिवशीही सुटी घेणारा पोरगा होतास. आणि या सगळ्यावर तुझ्या अटी. देणाऱ्याचं नाव कुणाला कळता कामा नये. घेणाऱ्याचं नाव, जात, धर्म विचारायचा नाही. फोटो नाही, भाषण नाही. आणि एक चष्मा अब्बांना पोचला पाहिजे, कारण आपल्या माणसाला दिलं की ते देणंही होतं आणि तुटलेलं नातं जोडणंही होतं. हे शेवटचं वाक्य तू दोनदा लिहून एकदा खोडलं होतंस. खोडलेलं मी जास्त नीट वाचतो.

मला वाटलं, फुकट वाटायचं, त्यात काय अवघड. कन्हानच्या आठवडी बाजारात गेलो, खोक्यावर चादर टाकली, चष्मे मांडले आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘चाळिशी मोफत. नाव सांगायची गरज नाही.’ माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं. पहिला आला तो खाणीतला एक म्हातारा. त्यानं पुठ्ठा कुणाकडून तरी वाचून घेतला आणि मला म्हणाला, “पैसे नाही घेत, नाव नाही विचारत, मंग घेता काय गा?” मी म्हटलं, काहीच नाही. तिथंच फसलो. त्यानं माझ्या पेटीकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं आणि मागच्या माणसाला हळूच सांगितलं, “ऑपरेशनवाले होय.” तू सत्याहत्तरच्या आधीच गेलास, तुला ते पूर्ण माहीत नाही. त्या दोन वर्षांत इथं फुकट मिळालेल्या प्रत्येक वस्तूमागे नसबंदीचा डॉक्टर उभा असायचा. आणीबाणी उठली, सरकार बदललं, पण भीती कुठं उठते? पाच मिनिटांत माझ्यासमोरची अर्धी गल्ली रिकामी झाली. भजीवाला कढई तशीच सोडून पळाला. आता सुटीला आलास की हे तुला नीट अभिनय करून दाखवीन.

उठली नाही ती एक मिरच्या विकणारी बाई, रंभाबाई तिचं नाव. नाव तिनंच सांगितलं, मी विचारलं नाही, तुझी अट मोडलेली नाही. ती म्हणाली, “माह्या वयात आता काय कापतात थे, दाखव इकडं.” मी तिच्या हातात सुई आणि दोरा दिला. ही युक्ती माझी. ज्या चष्म्यानं दोरा ओवला जाईल तो तुमचा. तिसऱ्या चष्म्याला दोरा आत गेला. तिनं सुई डोळ्यासमोर धरून किती तरी वेळ पाहिली, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तू तं साजरा हायेस गा. आवाजावरून मले चोर वाटला होता.” मग ती माझ्या खोक्याशेजारी आपली मिरच्यांची पाटी घेऊन आली आणि आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडली, “या वं बायांनो, काही नाही करत, म्या करून पाह्यलं.” संध्याकाळ व्हायच्या आत पेटी अर्ध्यावर आली. कुणी चष्मा लावून तांदूळ निवडून पाहिला, कुणी नोटेवरचे आकडे वाचले, आणि एक बाई नुसती आपल्या तळहाताकडे बघत बसली. मला देणगीचा काही अनुभव नाही. आयुष्यात मी उधार घेतलेल्या छत्र्यासुद्धा परत दिलेल्या नाहीत. पण परत येताना बसच्या टपावर बसून मी गात होतो, आणि कुणाला काय सांगणार की का गातोय. सांगायचं नाही हीच तर अट. पोटात गुदगुल्या होत होत्या. तुला तिकडे बसून होतात का रे तशा?

आता अब्बा. मी त्यांना चाचाच म्हणतो, तसंच लिहितो. नजमाआपानं सासरहून तुला कळवलं की त्यांनी दुकान बंद केलं, पण का ते तिला माहीत नाही. मला माहीत आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी मार्तंडराव वकिलांनी आपला काळा कोट रफूला दिला. खिशाजवळ कसर लागली होती. काळ्यावर काळा रफू, तुला माहीत आहे, सगळ्यांत कठीण. चाचा नेहमीसारखे कोटाच्या आतल्या शिवणीतूनच धागे काढून बसले, पण डोळ्यांना धागा दिसेना. अंदाजानं केला. आयुष्यात पहिल्यांदा वजीर रफूगराचा रफू दिसला. वकिलांनी खिसा पाहिला. नेहमीसारखे आभार मानून कोट घेऊन गेले. पण चाचांनी कोट हातावर घेऊन उन्हात जाणाऱ्या वकिलांच्या पाठीकडे पाहिलं असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यातली त्यांची गादी गुंडाळलेली. लोक शालू, शाली, कोट घेऊन यायचे, तर म्हणायचे, “आराम करून राहिलो बेटा.” चाळीस वर्षांत आराम हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. तुझे पैशांचे ड्राफ्ट ते परत पाठवत होतेच. आता कामही परत पाठवायला लागले. दोन्ही हात रिकामे करून बसले होते, सुभान. मी नागपुरात असलो की गल्लीच्या तोंडाशी यायचो, त्यांना पाहायचो आणि रस्ता बदलायचो.

रस्ता का बदलायचो, हे तुला ठाऊक आहे, पण आपण कधी बोललो नाही. तू गेलास त्या दिवशी चाचांनी मला विचारलं होतं, सुभान कुठे आहे. मी म्हटलं, आम्ही दोघं काटोलला माझ्या मामाकडे संत्र्याच्या तोडणीला चाललोय, तो पुढे गेलाय. एवढ्या बारकाईनं खोटं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. संत्र्यांचा बहर कोणता तेसुद्धा सांगितलं. तू तेव्हा स्टेशनवर मुंबईच्या गाडीची वाट बघत होतास. तुला हवं ते तुला मिळालं, मी मात्र तेव्हापासून एका ठिकाणी टिकलो नाही. तंबूतल्या सिनेमात तिकिटं फाडली, ट्रकवर क्लीनर झालो, फण्या विकल्या. लोक म्हणतात देवरावच्या पायाला चक्र आहे. चक्र नाही. महालातून जाणं टाळायचं असेल तर माणसाला फार लांबून जावं लागतं. त्या वर्षी मी मनाशी ठरवलं होतं की या माणसाशी पुन्हा खोटं बोलणार नाही. ठरवणं सोपं होतं, कारण त्यांच्याशी बोलतच नव्हतो.

पण तुझी पेटी आली आणि जावं लागलं. पहिल्यांदा मी एक चष्मा त्यांच्या खिडकीत ठेवून पळालो. त्यांनी तो कुणाचा तरी राहिला म्हणून मशिदीत नेऊन दिला. तिथं तो एका हाजीसाहेबांना बरोबर बसला, ते अजून लावतात. म्हणजे सदका झाला, फक्त पत्ता चुकला. दुसऱ्यांदा मी समोर जाऊन म्हटलं, चाचा, चाळिशी फुकट वाटून राहिलो, तुम्हाला हवी का? ते म्हणाले, “ज्याले गरज आहे त्याले दे. मी कोनाचा हक काहून मारू?” वर मला चहा पाजला. खोटं बोलायचं नाही, तुझं नाव सांगायचं नाही, आणि समोरचा माणूस घेत नाही. सांग, मी काय करायचं होतं? दहा दिवस तर मी पेटीला घाबरून काटोललाच जाऊन राहिलो. तिथं मामाकडे खरोखर संत्र्यांची तोडणी केली. झाडावर चढल्यावर लक्षात आलं की तीन वर्षांपूर्वी मी चाचांना जे खोटं सांगितलं होतं, ते एकट्यानं खरं करून राहिलो आहे. मग उतरलो आणि पहिल्या बसनं परत आलो.

युक्ती वगैरे काही सुचली नव्हती. झालं ते असं. उरलेले चष्मे महालातच वाटायचे ठरवले आणि सावली म्हणून चाचांच्याच व्हरांड्यात खोका मांडला. जागा त्यांची, पण गादी गुंडाळलेली, त्यामुळे ते नाही म्हणू शकले नाहीत. गर्दी झाली. आता महालातली गर्दी तुला माहीत, प्रत्येकाला सुई स्वतः ओवून बघायची आणि दोरा बाहेर काढून ठेवायचा नाही. पुढच्या माणसासाठी मला दोरा उपसून टोक पुन्हा बारीक करावं लागायचं. माझी बोटं ट्रकचं टायर बदलणारी. दोऱ्याचं टोक फुलून त्याचा झाडूच होत होता. आतून चाचा बघत होते. रफूगराच्या समोर कुणी दोऱ्याची अशी विटंबना करावी आणि त्यानं गप्प बसावं, हे किती वेळ चालणार? शेवटी बाहेर आले. “हटा, हटा. दोरा हाय का सुतळी?” खाली बसले, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करून असा पीळ दिला की ते तारेसारखं ताठ झालं. मग सुई उचलली, आणि थांबले. भोक दिसेना. समोर पंधरा माणसं. मी पेटीतून एक चष्मा काढला आणि त्यांना दिला नाही, नुसता खोक्यावर त्यांच्याजवळ ठेवला, जशी एखादी कैची कारागिराच्या जवळ ठेवतात. त्यांनी तो उचलला, कारण हातात काम होतं. घेतला असं नाही, सुभान. कामाला लावला.

दोरा पहिल्याच फटक्यात गेला. त्यांनी सुई खाली ठेवली. दुसरी सुई मागितली, तिसरी मागितली. मग आपल्याच सदऱ्याची बाही डोळ्यांजवळ आणून तिच्यातले उभे-आडवे धागे पाहिले, माझ्या शर्टाची कॉलर धरून पाहिली आणि म्हणाले, “धोबी बदल.” त्या दिवसापासून तपासायचं काम त्यांनी हातात घेतलं. मी फक्त चष्मे पुसून देतो, आणि पुसतो कशानं, तर गळ्यातल्या मफलरनं. एक जण त्यांना विचारायला लागला की चष्मे कुणी पाठवले, तर चाचा असे वैतागले की बस. “पानी पितो तवा विहीर कोनी खोदली हे विचारतो का? ओव दोरा.” तुझी अट मी त्यांना सांगितली नव्हती. ती त्यांच्याकडे आधीपासूनच होती. नंतर आठवलं, गल्लीतल्या विधवांच्या साड्या ते फुकट रफू करायचे आणि म्हणायचे की कपडा मजबूत होता, काही करावंच लागलं नाही. आपण लहान होतो, आपल्याला खरंच वाटायचं की त्या साड्या फार मजबूत असतात.

स्वतःच्या नाकावरच्या चष्म्याबद्दल त्यांचं म्हणणं वेगळं होतं. तो म्हणे खोक्याचा आहे, काम संपलं की पेटीत परत जाईल. रोज संध्याकाळी ते तो पुसून पेटीत ठेवायचे. पण चौथ्या दिवशी ते सकाळीच मार्तंडराव वकिलांकडे गेले आणि त्यांचा कोट मागून आणला. वकील आठ महिने तोच कोट घालून कोर्टात जात होते, खिशाजवळ रफू दिसू नये म्हणून कागदांची फाईल तिथंच छातीशी धरत. नवा घेणं त्यांना कठीण नव्हतं. पण नवा घेतला असता तर महालात चाचांना कळलं असतं. चाचांनी ते दिसणारे सगळे टाके उसवले आणि दोन दिवस उन्हात बसून पुन्हा भरले. वकील कोट घ्यायला आले तेव्हा फाईल छातीशी धरूनच आले होते, इतकी सवय झालेली. कोट अंगात घातला, खिसा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि फाईल खाली ठेवली. म्हणाले, “वजीरमियां, कोणत्या खिशाजवळ होतं हो?” एवढंच. चाचा हसले. तुझ्या अब्बांचे पुढचे दोन दात पडलेत, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी गादी व्हरांड्यात उलगडली होती आणि तिच्यावर तीन शाली, एक शालू आणि कुण्या साहेबाचा सूट येऊन पडला होता. चष्मा संध्याकाळी पेटीत गेला नाही. वरच्या खिशात गेला. मीही पाहिलं नाही असं दाखवलं.

इथं तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण पत्र मी यासाठी लिहायला घेतलेलं नाही. गेल्या शनिवारी मी चष्मे पुसत बसलो होतो आणि चाचा एकदम म्हणाले, “थे मफलर इकडं दे.” मला वाटलं फाटलेलं दिसलं, आता शिव्या बसणार. त्यांनी मफलर मांडीवर पसरला. त्या फाटलेल्या जागेकडे पाहिलंच नाही. झालरीच्या वर चार बोटांवर एका ठिकाणी बोट ठेवलं आणि तिथून ते हलेना. मी वाकून पाहिलं. राखाडी लोकर, बाकी काही नाही. ते म्हणाले, “सहा वर्षांचा होता. शेगडीच्या अंगावर गेला. निखारा पडला होता इथं.” मग मला विचारलं, “हे तुले कुठं भेटलं?” सुभान, मी आयुष्यात तोंड बंद ठेवून कधीच बसलो नाही, तिथं बसलो. तुला दिलेला शब्द एकीकडे आणि त्यांच्याशी खोटं बोलायचं नाही हा माझा शब्द दुसरीकडे. जगात तो रफू ओळखणारा एकच माणूस, आणि त्याला तो तुझ्याच चष्म्यातून दिसला. तू मुद्दाम तो मफलर वर भरलास की थंडी नाही म्हणून सहज भरलास, ते मी तुला विचारणार नाही.

त्यांनीच मला सोडवलं. म्हणाले, “नको बोलू. तुझे कान लाल झाले. त्या दिवशी पन झाले होते, संत्र्याची तोडनी सांगत होता तवा.” मी वर बघितलं. ते मफलरकडेच बघत होते. स्टेशन दीड मैलावर होतं, सुभान, आणि गाडीला तीन तास वेळ होता. त्यांना कळलं होतं. त्यांनी तुला जाऊ दिलं. ताट मात्र दोन दिवस झाकून ठेवलं, पोरगा फलाटावरून परत आलाच तर म्हणून. तीन वर्षं मी ज्यावरून रस्ता बदलत होतो ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी माफ करून टाकलं होतं आणि मला कळूही दिलं नव्हतं. ड्राफ्ट परत का करत होते ते मी विचारलं. ते म्हणाले, “पैसा येत होता, सलाम नव्हता येत.” मग नाकावरचा चष्मा काढून हातात धरला, काचा पाहिल्या आणि विचारलं, “हे काचा थो सोता घासते का रे?” याला मी हो म्हटलं. नाव घेतलं नाही, म्हणून तुझी अट शाबूत आहे असं मी धरतो. तू नाही धरलंस तरी चालेल.

मफलर त्यांनी ठेवून घेतला आणि परवा परत दिला. पुडक्यात तोच आहे. आता सोड. मी पत्र्यात अडकवून बोटभर फाडला होता, तो त्यांनी झालरीतलीच लोकर काढून भरला आहे. मी उन्हात धरून पाहिला, दिव्यासमोर धरून पाहिला, पेटीतले उरलेले सगळे नंबर लावून पाहिला. जिथं फाडला ती जागा मला माझ्या हातानं सापडत नाही. नईमभाई वीस तारखेला निघतात, म्हणून घाईनं हे लिहायला चाचांनी मला बसवलं आहे, आणि समोर बसून शालीचे धागे मोजता मोजता विचारत आहेत की झालं का, इतकं काय लिहून राहिला. त्यांचा निरोप एवढाच आहे. तुझ्या लहानपणचा रफू कुठे आहे ते तुला माहीत असेल. नवा कुठे आहे ते शोध. सापडला तर पत्रातून कळवायचं नाही म्हणतात, इथं येऊन, त्यांच्यासमोर बसून, बोट ठेवून दाखवायचं.

तुझाच, आणि आता रस्ता न बदलणारा,
देवराव